घरच्यासारखी

मराठी भाषेतल्या प्रत्ययांची आणि अव्ययांची थोरवी वैयाकरणांनी पुष्कळ गायिली आहे. परंतु ‘सारखे’ या एका लहानशा शब्दाच्या अंगी केवढे सामर्थ्य आहे, याची दखल कोणी घेतल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘सोन्यासारखे’ म्हटले की ते सोने नव्हे, हे सराफाच्या पोरालाही कळते. ‘साजूक तुपासारखे’ म्हटले की गृहिणी डबा परत पाठवते. पण ‘आमच्याकडे ती पोर अगदी घरच्यासारखी राहते हो!’ असे कोणी म्हटले, की आपण सारे कौतुकाने मान डोलावतो आणि पुढ्यातल्या बशीतली दुसरी चकली उचलतो. ती चकली पाडायला सोऱ्या कोणी दाबला, हे विचारण्याची आपल्यात रीत नाही.

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे सांगणे असे, की विषय दिवाळीचाच आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, ते कशासाठी? नरकासुराने सोळा सहस्र स्त्रिया धरून आणून आपल्या नगरात कोंडल्या होत्या आणि श्रीकृष्णाने त्या सोडवल्या, अशी ती कथा. म्हणजे माणसे पळवून नेऊन डांबून ठेवण्याविरुद्ध वर्षातून एक दिवस साजरा करणारे आपण लोक! फक्त नरकासुर कसा दिसतो याविषयी आपली समजूत जरा पक्की झाली आहे. तो आक्राळविक्राळ असावा, परमुलखातला असावा, निदान त्याला मिशा तरी असाव्यात. तो बाजारहाटाची पिशवी घेतलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या आणि पोरीच्या आईला ‘वहिनी’ म्हणणाऱ्या बाईच्या रूपाने येईल, हे आपल्या कथेत कुठे लिहिलेले नाही.

आता ती घरच्यासारखी पोर कशी असते ते पाहा. तिचे वय विचारले तर ‘चौदा पूर्ण’ असे ठरलेले उत्तर येते. कित्येक घरांतून मुलींना सलग तीन-तीन वर्षे चौदा पूर्ण होत असतात. ती सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या मागून निजते. घरच्या मुलीचा आखूड झालेला फ्रॉक तिला दिवाळीला मिळतो, आणि त्याचा उल्लेख वर्षभर होत राहतो. पाहुणे आले की तिला नाव असते, ‘अगं ए’ हे. तिचा पगार तिच्या हातात पडत नाही. तो ‘गावाकडे पाठवतो’. किती पाठवता आणि कोणाच्या हाती, हे विचारले की यजमानांचा चहा अकस्मात संपतो.

‘पण आम्ही तिला उपासमारीतून सोडवली’ असे उत्तर हमखास येते, आणि ते सगळेच खोटे असते असेही नाही. मला एवढेच विचारायचे आहे: उद्या सकाळी तिच्या मनात आले तर ती जाऊ शकेल काय? घराच्या पत्त्याचा कागद, परतीचे भाडे आणि आईचा फोन नंबर तिच्यापाशी आहे काय? आणि ती जिथे निजते त्या दाराला आतून कडी आहे काय? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ सुशिक्षित मंडळी रागावतात. त्या रागाचे कारण मी ओळखून आहे.

कायदा याबाबतीत मुळीच संदिग्ध नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही नोकरीवर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा झाला आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. माणसांच्या व्यापाराची व्याख्या दंडविधानाच्या ३७० व्या कलमात २०१३ साली नव्याने लिहिली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. शोषणासाठी एखाद्याला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, सुपूर्द करणे अथवा स्वीकारणे हे सारे तीत येते. हे काम जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून झाले की तो व्यापार. आणि आमिष कशाला म्हणायचे? ज्याच्या ताब्यात ते माणूस आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणे हेही त्यात मोडते. पोरीच्या बापाच्या हातावर ठेवलेली ‘अ‍ॅडव्हान्स’ ती हीच! बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती, याला कायदा किंमत देत नाही. वयाने अज्ञान असेल तर शिक्षा किमान दहा वर्षे, ती जन्मठेपेपर्यंत. आपल्या दिवाणखान्यात बसून ‘आमच्या मावशींनी आणून दिली’ असे जे वाक्य आपण सहज बोलून जातो, त्यात या कलमाची किती क्रियापदे बसतात ते वाचकांनीच मोजावे.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर फार लांब जायला नको. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुले तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे मेंढ्या वळायला बांधून दिल्याचे उघडकीस आले. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्यावर सौदा. दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा कुठे ते वर्तमानपत्रांत आले. ती पळवून नेलेली नव्हती. आईबापांनी दिली होती, ओळखीच्या माणसाने नेली होती, आणि त्या प्रदेशात ‘पोर मेंढ्यांमागं गेलीया’ हे वाक्य कोणाला खटकत नव्हते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. घटनेचे तेविसावे कलम १९५० पासून माणसांच्या व्यापाराला आणि वेठीला मनाई करीत आहे. कायद्यांची टंचाई आपल्याला कधीच नव्हती.

टंचाई आहे ती शिकवण्याची. आणि जे शिकवले जाते ते तर न शिकवलेले बरे, अशी कित्येकदा अवस्था असते. मी तीस वर्षे तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवले, तेव्हा या ‘जनजागृती’चे सोहळे मी डोळे भरून पाहिले आहेत. पाहुण्यांना नारळ-शाल, प्रास्ताविक, परिचय, रांगोळी स्पर्धेचे बक्षीस, आणि उरलेल्या बारा मिनिटांत विषय. त्या बारा मिनिटांत मुलींना काय सांगावे? अनोळखी माणसाशी बोलू नका. एकटीने जाऊ नका. मोबाइलवर मैत्री करू नका. नीट कपडे घाला. आणि हे चालू असताना मुलगे कुठे असतात? मैदानावर! ‘मुलांचं इथं काय काम?’ म्हणून त्यांना खेळायला सोडलेले असते. म्हणजे चोरी होऊ नये म्हणून घरमालकांना तेवढे व्याख्यान द्यायचे आणि बाकीच्यांना चेंडू द्यायचा.

वस्तुतः परक्याची भीती घालणारे हे शिक्षण मुळातच उलटे आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासाच्या जागेवरचे होते. पुढे पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण शंभरात नव्वदाच्या वर जाते. कुंपणच शेत खाते, हे ज्या भाषेला म्हणीत माहीत आहे, त्या भाषेत आपण मुलींना कुंपणाबाहेर जाऊ नका म्हणून बजावतो! ज्या मुलीला ‘काकांनी हाक मारली की ओ द्यावी, उलट बोलू नये’ एवढेच संस्कार मिळाले, तिला त्या काकांविषयी बोलायला शब्द कोण देणार? आणि ती बोललीच, तर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून तिचे तोंड दाबणारी आईच असते. तीही बिचारी याच शाळेत शिकलेली. अशा घरांना हे सांगणारे व्याख्यान मी अजून ऐकले नाही, की २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे ठाऊक असून न कळवणे हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि ‘घरची गोष्ट होती’ हा त्यावर बचाव नाही.

मुलग्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळा भर तिथे द्यायला हवा असे माझे मत आहे. गावातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांइतकी माहिती तलाठ्याच्या दप्तरात नसते. एस.टी. स्टँडवर कोण उतरले, कोणाच्या टेम्पोत कोण बसले, कोणाच्या मोबाइलला कोण रिचार्ज मारतो, कोणत्या घरी मांडव पडणार आहे आणि पत्रिका का छापली नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. मांडव तेच घालतात, बँड तेच वाजवतात, गाडी तेच चालवतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणारा, ठरवणारा, एवढेच काय, लग्नाला मदत करणारा आणि पोषणारा असे सगळेच येतात; दोन वर्षे सक्तमजुरी आणि लाखाचा दंड आहे. महाराष्ट्रात गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. पण ज्या वाजंत्र्याच्या पोराला हे कोणी सांगितले नाही, तो सोळा वर्षांच्या नवरीपुढे मनापासून वाजवतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. तरुणांना या कामात ओढा म्हटले की काही उत्साही मंडळी काठ्या घेऊन बागेत बसलेल्या जोडप्यांच्या मागे लागतात आणि त्याला ‘आमच्या लेकीबाळींचे रक्षण’ म्हणतात. असले रक्षक मला नकोत. एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या मनाने शहरात नोकरीला जात असेल किंवा आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न करीत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. तिला स्टँडवरून ओढून घरी आणणारा आणि तिला फसवून विकणारा, या दोघांचा सिद्धान्त एकच असतो: पोरीचे शरीर हे तिचे स्वतःचे नव्हे. शिकवायचे ते हे, की तिला खरी माहिती मिळाली आहे की नाही, पैसे तिच्या हाती येणार आहेत की नाही, आणि तिला परत फिरता येईल की नाही, हे विचारायचे. तिच्या चारित्र्याची चौकशी करायची नाही.

एक घडलेली गोष्ट सांगते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरे पुष्कळदा रस्त्याचे खड्डे बुजवण्यात आणि शेवटच्या दिवशी कोंबडी खाण्यात संपतात. आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी एका वर्षी फावडी बाजूला ठेवली आणि पोरांना वह्या दिल्या. दहा वाड्यांमध्ये घरोघर जाऊन एकच प्रश्न: या घरातले अठरा वर्षांखालचे कोण सध्या गावात नाही, कुठे आहे, आणि त्याच्याशी शेवटचे बोलणे कधी झाले? पोरे संध्याकाळी परत आली ती गप्प. ‘पुण्याला आहे’, ‘मुंबईला आहे’, ‘मावशी सांगेल’ अशा उत्तरांनी वह्या भरल्या होत्या. पुढच्या भाऊबीजेनंतर त्यांच्यातले दोघे स्टँडवर चहा पीत बसले असता एका बाईबरोबर दोन लहान मुली त्यांनी पाहिल्या. बाईंना मुलींचे आडनाव सांगता येईना. पोरांनी आरडाओरडा केला नाही, फोटो काढले नाहीत. १०९८ ला फोन केला आणि बस सुटेपर्यंत मुलींशी गोट्यांविषयी बोलत बसले. हा मुलांच्या मदतीचा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला आणि अजून चालू आहे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाही तर ही बोधकथा होईल. त्यातल्या एकीची ती बाई खरोखरच चुलत मावशी निघाली. मुलींच्या वाडीने त्या पोरांना शिव्या घातल्या, कारण उचललेले पैसे आता परत कोण देणार? आणि पुढच्या वर्षी दोघींपैकी एक पुन्हा दिसेनाशी झाली. कर्ज होते तिथेच होते. त्या पोरांना माझे मोल वाटते ते यासाठी, की तिसऱ्या वर्षीही ते वही घेऊन वाडीवर गेले, आणि या वेळी त्यांनी रोजगार हमीच्या कामाचा अर्ज आणि आश्रमशाळेच्या प्रवेशाचा कागद बरोबर नेला. रिकाम्या हाताने दिलेला सदुपदेश गरिबाला शिवीसारखा लागतो.

ऊसतोडीच्या मुलखात हे आणखी उघड दिसते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे एक ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवांचे मिळून एक हत्यार! एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. वयात आलेली पोर गावी कोणापाशी ठेवायची, ही धास्ती एका बाजूला, आणि जोडी जमली तर उचल वाढते हा हिशेब दुसऱ्या बाजूला. मग नववीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. बीड जिल्ह्यात ४३.७. आईबाप राक्षस आहेत म्हणून हे होत नाही. हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले, त्यात मुलींना निर्धास्त झोप मिळेल असे दिसले, तर तेच बाप पोरीला तिथे सोडून जाताना मी पाहिले आहेत. वर्गशिक्षकाने सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी हजेरी घेताना गैरहजर मुलीच्या नावापुढे फुली मारून पुढे जायचे, की त्याच दुपारी तिच्या घरी जायचे, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते. मात्र त्या सोमवारी शिक्षक बहुधा कुठल्या तरी माहितीचा तक्ता भरीत असतात.

आपल्याकडे हे काम पूर्वी ज्यांनी केले त्यांची रीत आजच्या रॅलीवाल्यांनी जरा तपासून पाहावी. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी उपदेश केला नाही. बाळंत होण्यासाठी दार उघडे ठेवले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि मुरळीच्या चालीवर लिहिताना १९०९ मध्ये शिवूबाई नावाच्या मुरळीचेच पत्र छापले. तिच्या वतीने कोणी बोलले नाही, ती बोलली. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉक्टर आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना समोर बसवून त्यांच्याशी थेट बोलणे केले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, आणि महाराष्ट्राला पुन्हा नवा कायदा करावा लागला तो २००५ चा. मधली सत्तर वर्षे काय चालले होते हे त्या दोन सालांतच आहे. १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने वेश्यांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर काढले. ज्या वेळी आई कामात असते त्या वेळी मूल कुठे असते, एवढा साधा प्रश्न कोणाला तरी पडला म्हणून ते निघाले. आजच्या शाळा-कॉलेजांतून, त्या वाटेने जाऊन परत आलेल्या स्त्रियांना, त्यांची इच्छा असेल तर, बोलवावे. आणि शाल-नारळाऐवजी मानधन द्यावे. उपप्राचार्यांचे प्रास्ताविक नसले तरी चालेल.

शहरातल्या वाचकांनी हे सारे वाडी-तांड्यांचे आहे असे समजून पान उलटू नये. मी निवृत्तीनंतर जिथे राहते त्या सोसायटीत दारावर एक वही आहे. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, आधार कार्डाची प्रत आणि पोलिसांकडचा दाखला तीत लावायचा असतो, कारण चमचे मोजायचे असतात. तिला कामावर ठेवणाऱ्याची माहिती मात्र कोणी विचारीत नाही. ज्या मुली घरातच राहतात त्यांची तर त्या वहीत नोंदच नाही, कारण त्या रोज दारातून आत येत नाहीत. एकदाच आलेल्या असतात. मागच्या वार्षिक सभेत मी सूचना मांडली, की वहीत दोन रकाने वाढवावेत: राहणाऱ्या कामकरी मुलीचे वय, आणि तिच्या आईचा फोन नंबर, आणि सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी दर तीन महिन्यांनी त्या आईला फोन लावून मुलीशी बोलणे करून द्यावे. चार तरुण पोरांनी तिथल्या तिथे हात वर केले. मग एक वयस्क सद्गृहस्थ उठून म्हणाले, की हा प्रत्येकाचा घरगुती प्रश्न आहे, आणि त्यांच्याकडची मुलगी तर अगदी घरच्यासारखी आहे. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेवर टाकला. ती सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय सहावा लागला आहे, आणि पाचवा लिफ्टला कोणता रंग द्यावा हा आहे. त्या चौघा पोरांना मी वेळेवर यायला सांगितले आहे.